क्लायंटला दिलेलं गिफ्ट खर्चात धरता येतं का? फ्रीलान्सर वाचकांचे प्रश्न

यावेळी सदराला आलेली पत्रं वाचताना एक गोष्ट लक्षात आली, बऱ्याच जणांचा प्रश्न फिरून फिरून एकच आहे, की दिवाळीला क्लायंटना जे काही दिलं ते खर्चात दाखवायचं की नाही, आणि दाखवलं तर नोटीस येईल का. म्हणून हा सगळा अंक याच विषयावर. खालचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे आयकर कायदा १९६१ प्रमाणे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू झालाय, त्यात सेक्शनचे नंबर बदललेत आणि असेसमेंट इयर (आर्थिक वर्षानंतरचं वर्ष, ज्यात त्याचं रिटर्न भरतो) जाऊन टॅक्स इयर आलंय, पण आत्ता जे रिटर्न आपण भरतोय ते जुन्याच कायद्याने, त्यामुळे नंबर बघून गोंधळू नका.

नमस्कार मॅडम, मी पुण्यात ग्राफिक डिझायनर आहे, स्वतःचं काम करते, हिशेब व्यवस्थित ठेवते आणि आयटीआर-३ (व्यवसायाचा पूर्ण हिशेब दाखवायचा रिटर्नचा फॉर्म) भरते. दिवाळीला ड्रायफ्रूटचे १४ बॉक्स घेतले, एक १,७०० रुपयांना, एकूण २३,८००. बिल एकच आहे. मैत्रीण म्हणते भारतात गिफ्टला डिडक्शनच नसतं, आणि एका व्हिडिओत सांगितलं की माणशी २५ डॉलरपर्यंतच चालतं. नक्की खरं काय? आणि हो, त्यातले दोन बॉक्स मावशी आणि आत्याला दिले, ते चालेल ना?

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण खरी गोम तिथेच आहे. नाही चालणार. मावशी-आत्याचे दोन बॉक्स म्हणजे ३,४०० रुपये बाजूला काढा, तो घरखर्च झाला. राहिले १२ बॉक्स, २०,४०० रुपये. हे तुम्ही खर्चात घेऊ शकता.

आता २५ डॉलरचं. तो नियम अमेरिकेचा आहे, तिथे एका माणसाला वर्षभरात दिलेल्या बिझनेस गिफ्टपैकी २५ डॉलरच वजा होतात. तो व्हिडिओ तिथल्या फ्रीलान्सरसाठी असणार, आपल्याकडे त्याचा काहीच संबंध नाही. भारतात क्लायंट गिफ्टसाठी वेगळं सेक्शनही नाही आणि माणशी मर्यादाही नाही, म्हणून तुमच्या मैत्रिणीला वाटलं असेल की डिडक्शनच नाही. आपल्याकडे हा खर्च सेक्शन ३७(१) मध्ये येतो, जिथे भाडं, पगार, दुरुस्ती यासारख्या नाव घेऊन सांगितलेल्या खर्चांत न बसणारे बाकीचे सगळे व्यवसायाचे खर्च जातात. अटी साध्या आहेत: खर्च भांडवली नको, वैयक्तिक नको, बेकायदेशीर कामासाठी नको, आणि पूर्णपणे व फक्त व्यवसायासाठी केलेला हवा.

इथे एक गोष्ट सांगाविशी वाटते कारण लोक उगाच घाबरतात. कायद्यात "गरजेचा" असा शब्द नाही. १९६१ च्या विधेयकात तो होता, लोकांनी विरोध केल्यावर काढून टाकला, आणि सुप्रीम कोर्टाने १९७९ च्या ससून डेव्हिड कंपनीच्या निकालात हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे "गिफ्ट न देता काम मिळालं नसतं का?" असं अधिकारी तुम्हाला विचारून खर्च उडवू शकत नाही. खर्च व्यवसायासाठी केला हे मात्र तुम्हालाच दाखवावं लागतं, आणि तिथेच बहुतेक जण अडकतात.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक केस सांगते. एका फ्रीलान्सरचं रिटर्न स्क्रूटिनीला, म्हणजे आयकर खात्याच्या तपासणीला लागलं, लेजरमध्ये एकच एंट्री होती, "दिवाळी गिफ्ट ४८,०००", सोबत दुकानाचं बिल, बिलावर "३२ नग" आणि बस्स. अधिकाऱ्याने काही आरडाओरडा केला नाही, शांतपणे विचारलं की ३२ जण कोण? आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या माणसाने खरंच क्लायंटनाच दिलं होतं हे मला माहीत होतं, पण दीड-दोन वर्षांनी त्याला १९ नावं आठवली, बाकीची नाही आठवली, आणि १३ नगांचा खर्च गेला. त्या दिवसापासून मी प्रत्येक क्लायंटकडून बिलामागे यादी लिहून घेते. बिल उलटं करायचं आणि त्याच दिवशी पेनाने लिहायचं: तारीख, माणसाचं नाव, त्याची कंपनी, त्याच्यासाठी काय काम केलं किंवा चालू आहे, किती नग. कुरिअरने पाठवलं तर स्लिप स्टेपल करायची. व्हॉट्सॲपवर "बॉक्स मिळाला, थँक यू" आला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट त्याच फोल्डरमध्ये. तुमच्या १२ नावांना १० मिनिटं लागतील. आणि त्या दोन बॉक्ससमोर "घरगुती" असं स्वच्छ लिहा, लपवू नका, उलट ते लिहिलेलं दिसलं की बाकीच्या १२ वर समोरच्याचा विश्वास बसतो.

हे कागद किती वर्षं ठेवायचे असंही खूप जण विचारतात. असेसमेंट वर्ष संपल्यापासून ६ वर्षं ठेवा.

मी कोल्हापूरला इंटिरियर डिझायनर. वर्षाची फी ३१ लाख, सगळी बँकेतून. ४४एडीएमध्ये रिटर्न भरतो, म्हणजे १५.५ लाख उत्पन्न दाखवतो. क्लायंटना गृहप्रवेशाला काही ना काही देतोच, यंदा ४०,००० झाले, सगळी बिलं आहेत. १५.५ लाखातून ४०,००० वजा करून १५.१ दाखवू का?

नका करू. ४४एडीएमध्ये निम्मी फी उत्पन्न धरायची आणि उरलेल्या निम्म्यात सरकारने तुमचा सगळा खर्च आलाय असं मानायचं, हा सौदा आहे. त्या निम्म्यात ऑफिसचं भाडं आलं, पेट्रोल आलं, लॅपटॉपचा घसारा आला, आणि हे गृहप्रवेशाचं गिफ्टपण आलं. तुम्ही ४०,००० परत वजा करायला गेलात तर तोच खर्च दोनदा घेतल्यासारखं होतं.

आणि नुसतं चूक म्हणून नाही, महागात पडतं म्हणूनही सांगतेय. १५.१ लाख म्हणजे निम्म्यापेक्षा कमी दाखवलं, की ४४एडीएची सवलत गेली, मग पूर्ण हिशेबाच्या वह्या आणि टॅक्स ऑडिट, दोन्ही करावं लागतं. तुम्ही न्यू रिजिममध्ये असाल तर या पातळीवर तुमचा स्लॅब १५ टक्के, म्हणजे ४०,००० वर ६,००० आणि वर सेस २४०. सहा हजार दोनशे चाळीस रुपये वाचवायला ऑडिटची फी भरणार का?

हां, एक मात्र करा. वर्षाचा खरा खर्च एकदा कागदावर मांडून बघा, गिफ्टसकट. तो १५.५ लाखाच्या खूप आत असेल, म्हणजे समजा नऊ-दहा लाख, तर ४४एडीए तुमच्या फायद्याचंच आहे आणि गिफ्टचा विचार डोक्यातून काढून टाका. खर्च खरंच निम्म्याच्या वर जात असेल, लोक ठेवलेत, साइटवरचा खर्च मोठा आहे, तर वह्या ठेवून आयटीआर-३ भरण्यात अर्थ आहे, आणि मग त्यात हे ४०,००० पण येतील. बिलं तरीही फाडू नका.

इतर वाचकांसाठी: ४४एडीए सगळ्या फ्रीलान्सरना नसतं. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, टेक्निकल कन्सल्टंट, इंटिरियर डेकोरेटर, शिवाय आयटीवाले, सिनेमाशी संबंधित कलाकार, कंपनी सेक्रेटरी असे ठरलेले व्यवसाय आहेत. वर्षाच्या फीची मर्यादा ५० लाख, आणि रोखीने आलेले पैसे एकूण फीच्या ५ टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाख. तुमचं काम यादीत बसतं की नाही याची खात्री नसेल तर रिटर्न भरण्याआधी सीएला विचारा, भरल्यावर नको.

ताई, न्यू टॅक्स रिजिममध्ये कुठलंच डिडक्शन मिळत नाही ना? मग मी क्लायंटना दिलेल्या डायऱ्यांचे ११,००० पण सोडून द्यायचे का? मी कॉपीरायटर आहे, हिशेब स्वतः लिहिते. – नाशिक

हा गैरसमज मला रोज भेटतो. न्यू रिजिममध्ये जे जातं ते एलआयसी, पीपीएफ, मुलांची फी, मेडिक्लेम यांचं डिडक्शन. म्हणजे तुमचं उत्पन्न ठरल्यानंतर त्यातून वजा होणाऱ्या गोष्टी. क्लायंटच्या डायऱ्या हा उत्पन्न ठरवतानाच वजा होणारा धंद्याचा खर्च आहे, तो ओल्डमध्येही मिळतो आणि न्यूमध्येही मिळतो.

पण नाशिकच्या ताई, तुम्ही वर्षाचं उत्पन्न लिहिलेलं नाही आणि खरा प्रश्न तिथे आहे. न्यू रिजिममध्ये २०२५-२६ ला १२ लाखापर्यंत उत्पन्नावर रिबेटमुळे टॅक्स शून्य आहे. तुमचं सगळा खर्च जाऊन उत्पन्न ७-८ लाख राहत असेल तर ११,००० खर्चात घ्या नाहीतर घेऊ नका, टॅक्स तेवढाच, म्हणजे काहीच नाही. हिशेब बरोबर असावा म्हणून घ्या, पण "टॅक्स वाचतो" म्हणून डायऱ्या वाटल्या असतील तर एक रुपया पण वाचलेला नाही.

१२ लाखाच्या किंचित वर असणाऱ्यांचं मात्र उलटं होतं. समजा उत्पन्न १२,१०,००० झालं. स्लॅबप्रमाणे टॅक्स ६१,५०० येतो, पण मार्जिनल रिलीफमुळे १२ लाखाच्या वर जेवढं तेवढाच, म्हणजे १०,००० अधिक सेस भरायचा. इथे विसरलेलं १०,००० चं खरं बिल सापडलं तर उत्पन्न १२ लाखावर येतं आणि टॅक्स पूर्ण जातो! म्हणून या काठावर असलेल्यांनी कपाटाचे खण उलथेपालथे करा. खोटं बिल बनवा असं मी म्हणत नाहीये, खरं बिल हरवू देऊ नका असं म्हणतेय.

मी सॉफ्टवेअर कन्सल्टंट, ठाणे. २०२४-२५ ची फी ६२ लाख होती. यंदा एका मोठ्या क्लायंट कंपनीच्या फाउंडरला ४५,००० अधिक जीएसटी असा फोन गिफ्ट केला. सीए म्हणतो टीडीएस भरायला हवा होता. गिफ्टवर कसला टीडीएस? मी काय त्यांना पैसे दिले का?

तुमचा सीए बरोबर आहे, आणि राग येणं पण साहजिक आहे, कारण आपल्याला सवय आहे की टीडीएस (पैसे देतानाच कापायचा टॅक्स) आपला कापला जातो, आपण कोणाचा कापायचा असतो हे लक्षातच येत नाही.

१ जुलै २०२२ पासून सेक्शन १९४आर आलंय. धंद्याच्या किंवा व्यवसायाच्या संबंधातून भारतातल्या कोणाला फायदा दिला, वस्तू असो, व्हाउचर असो, सहलीचं तिकीट असो, आणि वर्षभरात त्या एकाला दिलेल्या सगळ्याची बेरीज २०,००० च्या वर गेली तर देणाऱ्याने १० टक्के टीडीएस बघायचा. बेरीज म्हणतेय हे लक्षात घ्या, दिवाळीला १२,००० चं आणि मार्चला ९,००० चं दिलं तरी २१,००० झाले.

छोट्या फ्रीलान्सरना यातून सूट आहे. आदल्या वर्षी व्यवसायाची फी ५० लाखाच्या वर नसेल, किंवा धंदा असेल तर उलाढाल १ कोटीच्या वर नसेल, तर व्यक्तीला १९४आर लागत नाही. म्हणून हे वाचून सगळ्यांनी घाबरायचं कारण नाही. तुमची आदल्या वर्षीची फी ६२ लाख, म्हणून तुम्हाला लागतं. तुम्ही ७५ लाखाच्या आत आहात म्हणून ४४एडीए घेत असाल तरीही लागतं, ही चूक मी आयटीवाल्यांमध्ये खूप बघितलीय, "मी तर प्रिझम्प्टिव्हवाला (४४एडीएसारखं ठरलेल्या टक्क्याने उत्पन्न दाखवणारा), माझा टीडीएसशी काय संबंध" असं म्हणतात. संबंध आहे, कारण इथली रेषा ५० लाखावर आहे.

आता फोन तर देऊन झाला, पैसे दिलेच नाहीत तर कापणार कशातून? कायदा म्हणतो वस्तू हातात देण्याआधी टॅक्स भरला गेलाय याची खात्री करा. म्हणजे दोन वाटा. एक, समोरच्याने त्यावरचा ॲडव्हान्स टॅक्स भरून तुम्हाला डिक्लरेशन आणि चलनाची कॉपी द्यायची, पण सांगा बघू, गिफ्ट देताना कोण असं म्हणू शकतं की आधी चलन दाखवा मग फोन घ्या? म्हणून व्यवहारात दुसरी वाट होते, टॅक्स आपणच भरायचा. पण मग तुम्ही भरलेला टॅक्स हा पण त्यांना झालेला फायदाच, म्हणून ४५,००० ला ०.९ ने भागायचं, आले ५०,०००, आणि त्याचे १० टक्के म्हणजे ५,००० भरायचे. नुसते ४,५०० नाही. फोनवरचा जीएसटी या किमतीत धरायचा नाही, हे सीबीडीटीच्या (आयकर खात्याच्या केंद्रीय मंडळाच्या) २०२२ च्या सर्क्युलर १२ मध्ये सांगितलंय. क्लायंट कंपनी आहे आणि फोन फाउंडरला दिलाय, तर टीडीएस कंपनीच्या पॅनवर दाखवायचा, कारण कामाचं नातं कंपनीशी आहे. पॅन नसेल तर दर २० टक्के होतो.

उशीर झालाय म्हणून व्याज लागेल, टॅन (टीडीएस भरणाऱ्याचा नंबर) नसेल तर आधी तो काढा, मग चलन, मग २६क्यू, म्हणजे टीडीएसचं रिटर्न. अजून थांबलात तर व्याज वाढत जाईल. आणि तो टीडीएस कंपनीच्या २६एएसमध्ये (त्यांच्या पॅनवर जमा टॅक्सच्या उताऱ्यात) दिसेल, त्यांच्या अकाउंटंटचा फोन येईल की हे काय आहे, म्हणून फाउंडरला आधीच एक मेसेज टाकून ठेवा. त्यांच्यासाठी तो सेक्शन २८(iv) प्रमाणे धंद्याचं उत्पन्न आहे.

पुढच्या वेळेस एका माणसाला वर्षाला २०,००० च्या आत ठेवा, हा माझा सरळ सल्ला.

व्हिडिओ एडिटर आहे, जीएसटी रजिस्ट्रेशन आहे. क्लायंटसाठी स्वतःच्या लोगोचे मग आणि टी-शर्ट बनवले, ३०,००० अधिक ५,४०० जीएसटी धरा. ५,४०० चं इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या जीएसटीतून वजा करणं) घेतलं. जाहिरातच झाली ना ही? – छत्रपती संभाजीनगर

जाहिरात झाली, पण क्रेडिट नाही मिळत. सीजीएसटी कायद्याच्या सेक्शन १७(५)(एच) मध्ये गिफ्ट किंवा फ्री सॅम्पल म्हणून दिलेल्या मालावरचं क्रेडिट बंद केलंय, आणि त्यात लोगो असला-नसला असा फरक केलेला नाही. २०१९ च्या सर्क्युलर ९२ मध्ये पण हेच सांगितलंय. तुम्ही घेतलेलं ५,४०० पुढच्या ३बीमध्ये, म्हणजे जीएसटीच्या रिटर्नमध्ये, रिव्हर्स करा, वापरून टाकलं असेल तर व्याजासकट.

पण ते पैसे पूर्ण पाण्यात जात नाहीत. जे क्रेडिट मिळत नाही तो जीएसटी मालाच्या किमतीतच मिळवायचा, म्हणजे आयकरात तुमचा खर्च ३०,००० नाही तर ३५,४०० होतो. दोन्हीकडे घ्यायचं मात्र नाही. आणि लोगोचा फायदा आयकरात आहेच, मगवर तुमचं नाव छापलेलं असलं की हा खर्च व्यवसायासाठी होता हे वेगळं सांगावं लागत नाही.

काही जण ५०,००० पर्यंत चालतं असं म्हणतात. ते मालकाने स्वतःच्या नोकराला दिलेल्या गिफ्टवर जीएसटी लागतो का त्याबद्दल आहे, क्लायंटशी संबंध नाही.

मी फोटोग्राफर. जुन्या क्लायंटना कधी १० टक्के कमी लावतो, कधी २५ फोटोंचा छोटा अल्बम फुकट देतो, कधी एक तास जास्त शूट करतो. हे पण गिफ्टच झालं ना, किती धरू? – सातारा

तिन्ही वेगळे आहेत. १० टक्के कमी लावले तर ते बिलावरच दाखवा, मग तुमची फीच तेवढी कमी झाली, वेगळं काही वजा करायला उरत नाही. अल्बमचा प्रिंटिंग आणि बाइंडिंगचा जो खर्च लॅबला दिलात तो खर्च. आणि तो जास्तीचा तास... तुमच्या स्वतःच्या वेळेची किंमत लावून वजा करता येत नाही, कारण त्या तासाचे पैसे तुमच्या उत्पन्नात आलेलेच नाहीत, जे आलं नाही ते वजा कशातून करणार. तुम्ही तो तास मनापासून देता हे पत्रातून कळतं, पण हिशेबाच्या वहीत त्याला जागा नाही.

आर्किटेक्ट आहे, नाव-गाव छापू नका. एका सरकारी ऑफिसात प्लॅन पास करून घेण्यासाठी साहेबांना दिवाळीला टॅब दिला. सगळेच देतात. "बिझनेस प्रमोशन"मध्ये टाकलं तर चालेल का?

नाही. आणि हे मी जितक्या स्पष्टपणे लिहिता येईल तितक्या स्पष्टपणे लिहितेय.

सेक्शन ३७(१) च्या एक्स्प्लनेशनमध्येच आहे की जो खर्च गुन्हा असलेल्या किंवा कायद्याने मनाई असलेल्या कामासाठी आहे तो वजा होत नाही. आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ मध्ये २०१८ ला दुरुस्ती झाल्यापासून लाच देणारा पण सरळ गुन्हेगार आहे, नुसता घेणारा नाही. तुम्ही तो टॅब "बिझनेस प्रमोशन"मध्ये टाकलात तर खर्च तर जाईलच, वर तुम्ही स्वतःच्या सहीने एक कागद तयार करून ठेवाल ज्यावर लिहिलंय की कोणाला, कधी, काय दिलं. तुमच्या पत्रात "पास करून घेण्यासाठी" हे शब्द तुम्हीच लिहिलेत. रिटर्नचा प्रश्न इथे सगळ्यात छोटा आहे. एखाद्या वकिलाला भेटा, लवकर, आणि यापुढे देऊ नका. तुमच्याकडे असा माणूस वरून मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची १०६४ ही हेल्पलाइन आहे.

याच धर्तीवर डॉक्टरांचं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ॲपेक्स लॅबोरेटरीजच्या प्रकरणात निकाल दिला की औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या फुकटच्या वस्तूंचा खर्च वजा होणार नाही, कारण डॉक्टरांना त्यांच्या नियमांनीच ते घ्यायला मनाई आहे. त्याच वर्षी कायद्यातही तसं घातलं की घेणाऱ्याला त्याच्या व्यवसायाच्या नियमाने मनाई असेल तर देणाऱ्याचा खर्च जाणार. म्हणून औषध कंपनीचं मार्केटिंगचं काम करणाऱ्या फ्रीलान्सरनी डॉक्टरांना काही देण्याआधी दहादा विचार करा.

थोडक्यात उत्तरं

*गिफ्टचे १६,००० एकाच दुकानात कॅश दिले (नागपूर):* एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलं की सेक्शन ४०ए(३) प्रमाणे तो पूर्ण खर्च जातो, फक्त वरचे ६,००० नाही. पुढच्या वेळी यूपीआय करा.

*क्लायंटच्या नावाने अनाथाश्रमाला देणगी दिली (सोलापूर):* तो धंद्याचा खर्च म्हणून धरू नका. संस्थेकडे ८०जी (देणगीवर डिडक्शन देणारी मान्यता) असेल आणि तुम्ही ओल्ड रिजिममध्ये असाल तर तिथे मिळेल, पावती तुमच्या नावाची हवी आणि रोख दिलेली देणगी २,००० च्या वर चालत नाही. न्यू रिजिममध्ये नाही.

*मलाच क्लायंटने १८,००० चा हेडफोन दिला (मुंबई):* कामामुळे मिळालाय म्हणून तो तुमच्या व्यवसायाचं उत्पन्न आहे, सेक्शन २८(iv). "५०,००० पर्यंतचं गिफ्ट माफ" हे नातं नसलेल्यांकडून सहज आलेल्या भेटींबद्दल आहे, कामाच्या बदल्यात आलेल्यांबद्दल नाही. २०,००० च्या आत असल्यामुळे टीडीएस कापला नसेल, म्हणून २६एएसमध्ये दिसणार नाही, तरी दाखवायचं.

*बिलच हरवलं (जळगाव):* दुकानात जा, तारीख आणि यूपीआयचा नंबर दाखवा, बहुतेक दुकानदार डुप्लिकेट काढून देतात. आजच जा, वर्ष जुनं झालं की त्यांनाही शोधणं जड जातं.

मी सांगलीची, इंग्रजी-मराठी भाषांतर करते. एका प्रकाशन संस्थेच्या संपादकांनी मला ११ वर्षं काम दिलं, पहिलं काम तर मी कोणीच नसताना दिलं. मार्चमध्ये ते रिटायर झाले. मी त्यांना ६,५०० चं घड्याळ दिलं. आता त्यांच्याकडून काम येणार नाही. हा खर्च धरू का? आत्तापर्यंतची सगळी फी मिळून यंदा ६.८ लाख झाली, न्यू रिजिम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

कायद्याच्या भाषेत बोलायचं तर खर्चाचा लगेच फायदा व्हायलाच हवा असं नाही, संस्था अजून तुमची क्लायंट आहे आणि तिथल्या माणसाला निरोपाची भेट देणं हे व्यवसायाचं नातं जपणं आहे असा मुद्दा मांडता येतो. पण तुम्ही पत्रात घड्याळ का दिलं ते लिहिलंय, मी कोणीच नसताना काम दिलं म्हणून. ते संस्थेला दिलेलं नाही, एका माणसाला दिलंय, मनातून. अशा खर्चात "पूर्णपणे आणि फक्त व्यवसायासाठी" हे शब्द ओढूनताणून बसवावे लागतात.

आणि तुमच्या आकड्यांत ओढायची गरजही नाही. फीच ६.८ लाख, खर्च जाऊन उत्पन्न त्याहून कमी, टॅक्स शून्य. घड्याळ धरलं तरी शून्य, नाही धरलं तरी शून्य. व्यवसायाच्या खात्यातून पैसे गेले असतील तर ती एंट्री ड्रॉइंग्जला (स्वतःसाठी काढलेल्या पैशांत) टाका, समोर "वैयक्तिक भेट" लिहा. गॅरंटी कार्ड सरांकडेच राहू दे, घड्याळाचा सेल बदलायची वेळ येईल तेव्हा त्यांना लागेल.